चौथा दिवस कोरा

सुमनबाईंची आणि माझी पहिली भेट मांजरसुंब्याच्या फाट्यावर झाली. मी तेव्हा काळी-पिवळी जीप चालवत होतो आणि बाई नांदूरघाटच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. बीडहून एसटीनं त्या फाट्यावर उतरायच्या आणि पुढं जी जीप आधी भरेल तिच्यात बसायच्या. माझी जीप नऊ माणसांची, त्यात चौदा-पंधरा कोंबलेली. गाडी चालवताना माझे कान मागं असायचे. कुणाची सोयरीक जुळली, कुणाचा बांधावरून वाद पेटला, कोण कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, सगळं मला केजपर्यंत कळलेलं असायचं. या कानांचा मला अभिमान होता.

एकदा बाई शाळेपाशी उतरल्या, दप्तर खांद्याला लावलं आणि म्हणाल्या, "दत्ता नाव ना तुझं? तुझ्या मागच्या फळीवरची माणसं नेकनूरपर्यंत बोलत असतात. त्यापुढं गप्प होतात."

"झोपत्यात बाई."

"झोपत नाहीत, मी बघते ना. पाय अवघडतात. नेकनूरला दोन मिनिटं गाडी थांबवत जा."

"दोन मिनिटांत मागची जीप पुढं निघून जाईल की."

"जाऊ दे. माणसं तुझ्याकडं येतील."

मी थांबायला लागलो, ते खरं तर बाईंना खोटं पाडायला. महिना झाला नसेल, फाट्यावर लोक विचारू लागले, "ती थांबणारी जीप कुठाय?" पुढं दोन गाड्या झाल्या, मग चार, मग बीडला बसस्टँडजवळ ऑफिस आणि त्यावर 'टूर्स' लिहिलेली पाटी. लोक म्हणतात दत्ता स्वतःच्या हिमतीवर वर आला. आलो असेन. पण सुरुवात त्या दोन मिनिटांपासून झाली, आणि ती बाईंनी दिलेली होती.

बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या समितीनं माझ्याकडं दोन पानं मागितली. मी बाईंचा विद्यार्थी नाही. आता साठी ओलांडली आहे, व्हिसाच्या कागदांनी डोळे दुखतात, आणि लिहिण्याची सवय पावती लिहिण्यापलीकडची नाही. तरी हो म्हणालो. कारण हा ग्रंथ जे वाचणार आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकेकाळी म्हटलं होतं, "बाईंचा लंकेचा दौरा फसला. वय झालं त्यांचं." तो दौरा कसा फसला, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं बोललो नाही. आता बोलायचं आहे, आणि त्याला दोन पानं पुरणार नाहीत.

आधी बाईंच्या कामाविषयी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

शाळेच्या मुलांना घेऊन बाई दरवर्षी कपिलधारला सहल काढायच्या. गाड्या माझ्या असायच्या. बाकीचे शिक्षक मुलांना रांगेत उभं करून धबधब्याची माहिती लिहून घ्यायला लावायचे. बाई दर्शन झालं, डबे खाऊन झाले की पाण्याकाठी दगडावर बसायच्या. मुलं विचारायची, "बाई, आता काय करायचं?" बाई म्हणायच्या, "काही नाही." मुलं आधी गोंधळायची. मग कुणी पाण्यात पाय सोडायचं, कुणी खेकडे शोधायचं, कुणी नुसतं झोपायचं. परतताना मुलं जे बोलायची ते त्या मोकळ्या तासाविषयी असायचं, हे मी आरशात बघत ऐकलेलं आहे.

बाई निवृत्त झाल्या त्या सुमारास आमच्या भागातली माणसं परदेशी जायला लागली होती. मी पुण्याच्या एका कंपनीचे तयार दौरे विकायचो. सात दिवसांत पाच देश, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर. माणसं परत यायची ती ऊस तोडून आल्यासारखी. विचारलं, "कसं झालं?" तर म्हणायची, "लई भारी." आणि पुन्हा कधी ऑफिसची पायरी चढायची नाहीत. मी बाईंकडं गेलो आणि म्हणालो, "बाई, नेकनूरला थांबवलंत तसं हे कुठं थांबवायचं ते सांगा." त्या म्हणाल्या, "दौरा विकू नकोस. माणूस बघून शिवून दे." त्या दिवसापासून आम्ही एकेका घरासाठी वेगळा दौरा आखू लागलो. स्वतःची गाडी, स्वतःचा गाईड, घोळका नाही.

आखायची बाईंची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. लोक यायचे आणि म्हणायचे, आम्हाला हे बघायचंय, ते बघायचंय. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी उद्या घरी येते." घरी जाऊन चहा घ्यायच्या आणि वही उघडून विचारायच्या, सकाळी पहिलं कोण उठतं? कोण कुणाशेजारी बसायला नको म्हणतं? आणि शेवटी, "घरात आधी कोण दमतं? दमल्यावर ते माणूस काय करतं? चिडतं, गप्प होतं, की हसतं?" या प्रश्नावर मोठमोठी माणसं अडखळायची. बरोबर राहून तीस-तीस वर्षं झालेली असायची, पण हे कुणी पाहिलेलं नसायचं. जो आधी दमतो त्याच्या पावलानं दौरा चालायचा, हा बाईंचा नियम. दुसरा नियम म्हणजे चौथा दिवस कोरा. त्या दिवसापुढं कागदावर काहीही लिहायचं नाही. त्यावरून मी बाईंशी जितका भांडलो तितका बायकोशी भांडलो नसेन. गिऱ्हाईकाला कोरा दिवस विकायला मला लाज वाटायची. बाई म्हणायच्या, "तीन दिवस माणूस हौसेवर चालतं. चौथ्या दिवशी अंगावर येतं. तेव्हा बसायला जागा हवी."

श्रीलंकेचे दौरे सुरू करायचे ठरलं तेव्हा बाई आधी स्वतः जाऊन आल्या, एकट्या. आम्ही जो गाईड धरला होता, निमल नावाचा, तोच गाडी चालवायचा आणि माहितीही सांगायचा. त्याच्याबरोबर त्या अकरा दिवस फिरल्या. देवळांचे, चहाच्या मळ्यांचे फोटो त्यांनी फारसे काढले नाहीत. शाळेतली फूटपट्टी बरोबर नेली होती. तिनं त्यांनी गाडीची पायरी मोजली, हॉटेलच्या न्हाणीघरांचे उंबरे मोजले, खुर्च्या मोजल्या. आल्यावर म्हणाल्या, "गाडीची पायरी चौदा इंच आहे. आपल्या बायकांना लुगड्यात चढवणार नाही. निमलला लाकडी पाट करून घ्यायला सांगितलाय." तो पाट निमलच्या गाडीत आजही आहे. त्याची हिंदी तोडकीमोडकी, बाईंची इंग्रजी पुस्तकी आणि सावकाश, तरी दोघांचं जमलं. तो त्यांना टीचर म्हणतो. प्रत्येक दौऱ्याआधी बाई त्याला माणशी एक पान लिहून पाठवायच्या, आणि त्यात काय असायचं तर, "यांना खिडकी द्या, पण उन्हाची नको." "हे रागावले की भूक लागलेली असते."

आता आबासाहेबांच्या दौऱ्याचं सांगतो.

आबासाहेब म्हणजे नांदूरघाटकडचे बागायतदार. पंचायत समितीवर होते, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन. महामारीच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून पुण्याच्या मुलानं आईवडिलांना श्रीलंका दाखवायचं ठरवलं. आबा, काकू, मुलगा आणि सून असे चौघे. बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

आबा हसले. "बाई, आमच्या घरात कुणीच दमत न्हाई. शेतकऱ्याची औलाद हाय."

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला काय, हे जिकडं तिकडं मी."

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "काकू, चहा तुम्ही करता? चला, मी येते." दोघी आत गेल्या त्या तासाभरानं बाहेर आल्या. जीपमध्ये बसल्यावर बाई म्हणाल्या, "भाकरी थापायला स्टूल घेतलंय त्यांनी. उठताना चौकट धरतात. आणि त्या 'मी बरी हाय' म्हणाल्या की बरं नाही असं समजायचं. निमलला हे लिहायला हवं." आणखी काहीतरी आहे असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

दौरा तयार झाला. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी नाही. चौथ्या दिवशी कँडीला तळ्यासमोर व्हरांडा असलेलं हॉटेल, आणि त्या दिवसापुढं कोरी जागा.

कागद पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आबांचा फोन आला. "काय बे दत्ता, बाईंनी चौथ्या दिवशी काहीच न्हाई लिवलं. विसरल्या काय?"

"न्हाई आबा, तो दिवस मोकळा असतो."

"मोकळा कावून? मोकळं बसायला घरी ओटा न्हाई व्हय? त्याच्यासाठी इमानात बसू?" मग आवाज जरा खाली आला. "हे बघ, तिथं तो सिगिरियाचा खडक हाय, बाराशे पायऱ्या चढून जायचा. आपल्या सभापतीनं त्याच्यावर उभं राहून फोटू काढला अन् साऱ्या तालुक्याला पाठवला. खाली लिवलंय 'शिखरावर'. आता मी लंकेला जाऊन खालनंच परत आलो तर लोक काय म्हणतील? चौथ्या दिवशी तेवढा खडक बसव."

"बाईंना विचारून सांगतो," मी म्हणालो.

मी विचारलं नाही. बाई काय म्हणतील ते मला ठाऊक होतं, आणि आबा काय म्हणतील तेही ठाऊक होतं. ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगून सांगून मी त्या आठवड्यात पार थकलो होतो. शिवाय आबांच्या पाठोपाठ त्यांचे तीन व्याही जाणार होते. ही कारणं आहेत, सबब नाही. मी परस्पर निमलला फोन लावला आणि म्हणालो, चौथ्या दिवसाचं सगळं रद्द कर, कँडीहून खडकाला नेऊन आण.

तो म्हणाला, "टीचर को मालूम?"

मी म्हणालो, "हां, मालूम."

मग आबांना कळवलं, "बाई हो म्हणाल्या."

चौथ्या दिवशी दुपारी बाई ऑफिसात माझ्यासमोर बसून दुसऱ्या कुणाच्या दौऱ्याचा नकाशा बघत होत्या. फोन त्यांचा वाजला, निमलचा. माझा वाजला नाही. बाई ऐकत राहिल्या, मग उभ्या राहून एकेक शब्द तोडून इंग्रजीत बोलल्या. मला कळलं ते इतकं, की डॉक्टरांना ताबडतोब सांग, त्यांच्या पोटात सकाळपासून काही नाही आणि साखरेच्या आजाराची गोळी मात्र घेतलेली असणार.

फोन ठेवला. मी विचारलं, "काय झालं? तुम्हाला कसं ठाऊक?"

"आज एकादशी आहे दत्ता," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणि काकू आज खडकापाशी काय करताहेत?"

स्वयंपाकघरातल्या त्या तासात काय बोलणं झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. काकूंना मधुमेह. डॉक्टरांनी आणि मुलानं उपास बंद करायला लावले होते. काकूंनी घरात सांगितलं, सोडले. सोडले नव्हते. लग्नाच्या आधीपासूनची एकादशी त्यांना सोडवेना. गुपचूप करायच्या आणि जेवल्याचं सांगायच्या. बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, आणि घरात कुणाला कळू न देण्याचा शब्द घेतला. बाईंनी उपास सोडा म्हणून व्याख्यान दिलं नाही. "दूध, फळं, रताळं घेईन आणि दिवसभर पडून राहीन," एवढं मात्र कबूल करून घेतलं. मग कॅलेंडर पुढं घेऊन अख्खा दौरा असा सरकवला की एकादशी कोऱ्या दिवशी यावी. तो दिवस कोरा दिसत होता, पण त्या दिवशी बाकीचे तिघं बाजारात जाणार होते आणि निमलची बायको उकडलेली रताळी, शहाळी आणि दूध घेऊन काकूंच्या खोलीवर येणार होती. माझा निरोप निमलनं घरी सांगितला की नाही कोण जाणे. ती बाई ठरल्याप्रमाणं आली आणि कुलूप बघून रताळी परत घेऊन गेली.

खडकाखाली काकूंना एका बाकावर बसवून चौघांच्या पिशव्या त्यांच्याजवळ दिल्या. निमल म्हणाला, मी इथं थांबतो. आबा म्हणाले, "मग वर फोटू कोण काढणार?" काकू म्हणाल्या, "मी बरी हाय. तुमी जा." निमलला बाईंचं पान आठवलं, तो घुटमळला, पण आबांनी त्याला हाताला धरून नेलं. हे त्यानं मला नंतर जवळजवळ रडत सांगितलं. खाली आले तेव्हा काकू बाकावरून कलंडलेल्या होत्या. आजूबाजूच्या बायका वारा घालत होत्या. शुद्ध नव्हती, पण चारही पिशव्या छातीशी धरलेल्या होत्या.

बाईंच्या त्या एका निरोपानं डॉक्टरांना नेमकं कळलं आणि काकू वाचल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या. रोज सकाळी बाई फोन करायच्या. निमलच्या बायकोला सांगून त्यांनी भाताची पेज पाठवली, आणि काकूंना म्हणाल्या, "घरच्यांना मी काही सांगितलेलं नाही. नुसतं ऊन लागलं म्हणा." पुढचा दौरा सोडून सगळे परतले.

दहाएक दिवसांनी आबा ऑफिसात आले. बसले नाहीत. बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी अडाणी माणूस. मी काहीबी मागंन. न्हाई म्हणायचं काम तुमचं होतं. एवढं समदं बघून गेला तुमी आमच्या घरातलं, अन् हो कावून म्हणलात?"

बाईंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत होतो. त्यांच्या ड्रॉवरमध्ये मूळ कागद होता, चौथ्या दिवसाला कोरा. तो काढून आबांपुढं ठेवला असता तरी पुरे होतं.

"चुकलं माझं, आबासाहेब," बाई म्हणाल्या.

आबा गेले. मग मी म्हणालो, "बाई, तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"कागद दाखवला असता तर तो दिवस कोरा का होता, तेही सांगावं लागलं असतं. काकूंना शब्द दिलाय मी."

"आणि माझं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "तुझं तू बघ," म्हणाल्या, आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

मी काही बघितलं नाही. आबांच्या शब्दाला वजन होतं हे आधी लिहिलंच आहे. तीनही व्याह्यांनी दौरे रद्द केले. लग्नकार्यात, बाजारात लोक म्हणू लागले, बाईंना आता झेपत नाही. मी ते ऐकायचो आणि पान खायचो. मग महामारी आली, सगळ्यांच्या गाड्या बंद पडल्या आणि त्यात माझं पापही झाकलं गेलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक दारातच सांगायचे, "दत्ताभाऊ, दौरा तुम्ही आखा, बाई नकोत." मी म्हणायचो, बरं. आणि संध्याकाळी कागद घेऊन बाईंच्या घरी जायचो.

म्हणजे गेली काही वर्षं तुम्ही ज्या दौऱ्यांची मला शाबासकी दिलीत ते सगळे बाईंनी आखलेले आहेत. मी माझ्या अक्षरात उतरवले, एवढंच. व्हिएतनामचा, भूतानचा, सगळे. लोकांच्या घरी मी जायचो, बघितलेलं बाईंना सांगायचो. त्या विचारायच्या, "उठताना हात कुठं टेकवला?" मला आठवायचं नाही. "जा, परत बघून ये," म्हणायच्या. मी पुन्हा काहीतरी निमित्त काढून जायचो. एकदा मी त्यांना सांगितलं, लोक म्हणतात दत्ताचा दौरा लई निवांत असतो. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "लोक असंही म्हणतात, दत्ताचं अक्षर सुधारलंय." त्यांनी कधी टोमणा मारला असेल तर तो एवढाच.

यंदा बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "आता सगळ्यांत आधी मीच दमते." लोकांना वाटतं, त्या फसलेल्या दौऱ्यामुळं त्यांनी केव्हाच थांबवलं. म्हणून हे लिहिणं भाग होतं.

लिहिण्याआधी काकूंकडं गेलो. त्यांचं गुपित परस्पर सांगणं माझ्या हातात नव्हतं. भीत भीत विचारलं. काकू शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "लिव की. बाईनं माझ्यासाठी एवढं सोसलं अन् मी गप बसू व्हय? ह्यांना मीच सांगते आज." मग टरफलं बाजूला सारून म्हणाल्या, "अन् एकादशी मी अजून करते. दूध-रताळं खाऊन. ते बी लिव."

दोन दिवसांनी हा लेख आबासाहेबांना वाचून दाखवला. ते ओट्यावर बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे बाईंनी हो म्हणलंच नव्हतं."

"न्हाई आबा. मी खोटं बोललो."

"तू बोललास. पण खडक मागितला मीच की." मी म्हणालो, तुमचं नाव काढून टाकतो. "काढू नको," ते म्हणाले. "बाईंना मी गावोगाव नावं ठेवली, तवा त्यांचं नाव कुठं झाकलं?"

बाईंनी हा लेख अजून वाचलेला नाही. वाचल्यावर लाल पेन घेतील आणि शुद्धलेखनाच्या चुका आधी काढतील, बाकीचं नंतर.

गेल्या आठवड्यात मात्र मी त्यांच्याकडं एक दौरा घेऊन गेलो होतो. बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी वही उघडली आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरात आधी कोण दमतं?"

"घरात मी एकटीच आहे, दत्ता."

"मग दमल्यावर तुम्ही काय करता? चिडता, गप्प होता, की हसता?"

बाई हसायला गेल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "हे मला कुणी विचारलं नव्हतं रे."

मी कागद पुढं केला. श्रीलंका, सात दिवस. गाडी निमलची, पाट गाडीत. कँडीला तळ्यासमोरचा व्हरांडा, खुर्ची त्यांनीच मोजून पसंत केलेली. आणि सातही दिवस कोरे.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. पेन मागितलं. "चौथ्या दिवशी काहीतरी ठेव. सगळंच कोरं ठेवलं तर माणूस त्यानंही दमतं."

"काय ठेवू?"

"तो खडक," बाई म्हणाल्या. "खालून बघायचा. वर कुणी जायचं नाही. तिथं बाक आहे ना एक." आणि कागद परत देताना म्हणाल्या, "काकू येतात का विचार. एकादशी बघून तारीख धर."

काकू येणार आहेत. आबांनी आपण होऊन मुलाला तसं कळवलं. सुमनबाईंना शंभर वर्षं लाभोत, गुडघे आणि डोळे त्यांना साथ देवोत, आणि त्या वर्षांतले पुष्कळसे दिवस त्यांना हवे तेवढे कोरे मिळोत, एवढंच त्या खडकाखाली मागणार आहे. दोघी बाकावर बसतील. पिशव्या धरायला मी जातो आहे.